अळवावरचे पाणी आणि डोळ्यातली लेन्स

या महिन्यात प्रश्न एकच आहे, पण तो चौघींनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. कुणाची मुलगी नर्सिंगला आहे, कुणाची सून दिवसभर बँकेत संगणकासमोर बसते, एका बहिणीने स्वतःबद्दलच लिहिले आहे. सगळ्यांचा सूर साधारण असा: "लेन्सच्या डबीवर पाणी ५५ टक्के असे छापलेले असते. सकाळी लेन्स घातली की छान वाटते. असरच्या सुमारास डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. दुकानदार म्हणतो, याहून जास्त पाण्याची लेन्स घ्या. घ्यावी का?"

बहिणींनो, दुकानदार खोटे बोलत नाही, पण तो दोन वेगळ्या गोष्टी एक समजतो आहे. लेन्सच्या आत पाणी किती आहे ही एक गोष्ट. लेन्सच्या पृष्ठभागावर पाणी पसरून राहते की नाही ही दुसरी. डोळ्याला सुख देण्यात या दुसऱ्या गोष्टीचा हात मोठा आहे, आणि डबीवर ती छापलेली नसते.

स्वयंपाकघरातला टोमॅटो घ्या. टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तो नळाखाली धरा आणि बाजूला ठेवा. सालीवर पाण्याचे गोल गोल थेंब उभे राहतात, पाणी काही पसरत नाही. आत पाण्याचे भांडार, पण साल मात्र पाण्याला जवळ करत नाही, कारण सालीवर मेणासारखा अगदी पातळ थर असतो. अळूच्या पानाचेही तेच. अळवावरचे पाणी ही म्हण आपण जिथे काही टिकत नाही तिथे वापरतो. पान रसरशीत असते, तरी थेंब मोत्यासारखा घरंगळून जातो. तेव्हा आतले पाणी आणि वरचा ओलेपणा यांचा हिसाब वेगळा मांडायला हवा. लेन्स बनवणारे शास्त्रज्ञ तो कसा मांडतात ते आज पाहू.

तीन मायक्रॉनची चादर

आपल्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, अश्रूंचा एक पातळ थर कायम पसरलेला असतो. त्याची जाडी सुमारे ३ मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून ही चादर किती नाजूक आहे ते समजेल. आपण पापणी मिटतो तेव्हा ही चादर नव्याने अंथरली जाते. माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो, म्हणजे दर चार सेकंदांना एकदा.

लेन्स घातली की ही चादर दोन भागांत वाटली जाते. थोडे अश्रू लेन्सच्या खाली, थोडे वर. वरचा भाग आता कॉर्नियावर नाही, प्लास्टिकवर पसरायचा असतो. कॉर्नियाची वरची बाजू अशी घडलेली असते की अश्रू तिला धरून राहतात. प्लास्टिकचे तसे नसते. प्लास्टिकने पाणी धरले नाही तर चादरीला भोके पडतात. भोक पडले की तिथे लेन्स कोरडी, नजर धूसर, आणि पापणी त्या कोरड्या जागेवरून घासत जाते. अश्रूंमधली प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ त्या जागी चिकटून बसतात. त्यामुळे ती जागा पुढच्या वेळी आणखी लवकर कोरडी पडते. वाळू गेल्यासारखे वाटते ते बहुतेक वेळा यामुळे.

थेंबाचा कोन

पृष्ठभाग पाण्याला किती जवळ करतो हे मोजण्याची युक्ती जुनी आहे. त्यावर एक थेंब ठेवायचा, बाजूने पाहायचे, आणि थेंबाची कड पृष्ठभागाला ज्या कोनात टेकते तो कोन मोजायचा. बारावीच्या भौतिकशास्त्रात याला स्पर्शकोन म्हणतात. कोन लहान असेल तर थेंब पसरला आहे, पृष्ठभाग ओला होतो. कोन ९० अंशांहून मोठा असेल तर थेंब गोळा होऊन बसला आहे. अगदी स्वच्छ काचेवर कोन जवळजवळ शून्य असतो. नॉनस्टिक तव्यावर जे टेफ्लॉन असते त्यावर तो सुमारे ११० अंश भरतो.

हा विचार इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी १८०५ साली द्रवांच्या चिकटून राहण्यावरील आपल्या निबंधात मांडला. थेंबाच्या कडेला तीन ओढी एकमेकींशी झुंजतात: घन आणि हवा यांच्यामधली, घन आणि पाणी यांच्यामधली, आणि पाणी व हवा यांच्यामधली. तिघींचा तोल जिथे साधतो तिथे कोन ठरतो. यंग यांनी हे समीकरण चिन्हांत लिहिले नव्हते, शब्दांत सांगितले होते. मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. यंग पेशाने डॉक्टर होते आणि डोळ्यांवर त्यांचे मोठे काम आहे. डोळा जवळचे आणि दूरचे कसे पाहतो हे शोधताना त्यांनी पाणी भरलेले एक लहान भिंग स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिले होते. आज ज्या दोन विद्या लेन्सच्या प्रयोगशाळेत एकत्र येतात, त्या दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होत्या.

घरी करून पाहा

सुट्टीच्या दिवशी मुलांना बसवून हा प्रयोग करता येईल. काचेचा एक तुकडा साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळखळून वाळवा. दुसऱ्या तुकड्यावर मेणबत्ती हलकेच घासा. अळूचे एक पान आणि नॉनस्टिक तवा जवळ ठेवा. काचेच्या कडा लागू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावा.

ड्रॉपरचा थेंब या कामाला मोठा पडतो. तो सुमारे ५० मायक्रोलिटरचा, म्हणजे एका मिलिलिटरचा विसावा भाग असतो आणि स्वतःच्या वजनाने चपटा होतो. टूथपिक पाण्यात बुडवून तिच्या टोकाने अगदी लहान थेंब ठेवा. मोबाइल थेंबाच्या पातळीवर आडवा धरून फोटो काढा. फोटो मोठा करून पट्टीने दोन मापे घ्या: थेंबाची उंची आणि तळाची रुंदी.

आता गणित. उंचीची दुप्पट करा, तिला रुंदीने भागा. जी संख्या येईल ती अर्ध्या स्पर्शकोनाची टॅन असते. टॅन शिकलेली नसलेल्या मुलांसाठी तयार उत्तरे देते. उंची रुंदीच्या निम्मी असेल तर कोन ९० अंश. एक तृतीयांश असेल तर सुमारे ६७. पाव असेल तर सुमारे ५३. आठवा भाग असेल तर सुमारे २८. आणि उंची निम्म्याहून जास्त असेल तर कोन ९० च्या पुढे गेला. आमच्या आठवीच्या वर्गाने हे कोष्टक भिंतीवर लावले आहे आणि मधल्या सुट्टीत मुले डब्याच्या झाकणांचे कोन काढत बसतात.

शेवटी एक गंमत. वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब मिसळा आणि त्या पाण्याचा थेंब मेण लावलेल्या काचेवर ठेवा. तो साध्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे जास्त पसरतो. मेण तेच आहे, काच तीच आहे, तरी कोन बदलला. हे नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

लेन्स मऊ कशी झाली

पूर्वीच्या लेन्स कडक प्लास्टिकच्या असत. मऊ लेन्सची सुरुवात चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये झाली. ओटो विख्तरले आणि द्राहोस्लाव लिम या रसायनतज्ज्ञांनी पाणी शोषून मऊ होणारा एक पदार्थ बनवला. त्याबद्दलचा त्यांचा लेख १९६० साली 'नेचर' या नियतकालिकात आला. या पदार्थाला थोडक्यात पॉलीहेमा म्हणतात. पाणी प्यायल्यावर त्याच्या एकूण वजनात सुमारे ३८ टक्के पाणी असते. १९६१ च्या नाताळात विख्तरले यांनी घरच्या टेबलावर, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळातल्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक फिरते यंत्र उभे केले आणि त्यावर पहिल्या चार लेन्स ओतल्या. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेत अशा लेन्सच्या विक्रीला सरकारी परवानगी मिळाली.

पॉलीहेमाची अडचण हवेची होती. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू थेट बाहेरच्या हवेतून अश्रूंमार्गे घेतो. साध्या मऊ लेन्समधून प्राणवायू जातो तो तिच्यातल्या पाण्यातून, आणि तो पुरेसा जात नाही. सिलिकॉनमधून प्राणवायू भरपूर जातो, म्हणून १९९९ मध्ये सिलिकॉन मिसळलेल्या मऊ लेन्स बाजारात आल्या. त्यांना सिलिकॉन हायड्रोजेल म्हणतात. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच लेन्स याच जातीच्या आहेत.

पण सिलिकॉनला पाणी आवडत नाही. त्याचे लांब रेणू लवचीक असतात आणि हवा मिळाली की सरकत सरकत पृष्ठभागावर येतात. लेन्स हवेशीर झाली आणि अळूच्या पानासारखी वागू लागली. मग कंपन्यांनी उपाय काढले. पहिल्या लेन्सवर प्लाझ्मा नावाच्या विद्युतभारित वायूची प्रक्रिया करून पृष्ठभागच बदलला. नंतरच्या काहींत पॉलीविनाइल पायरोलिडोन हा पाणी धरणारा पदार्थ लेन्सच्या अंगातच मिसळला. डेलेफिल्कॉन ए नावाच्या पदार्थात गाभ्यात ३३ टक्के पाणी आणि अगदी वरच्या थरात ८० टक्क्यांहून जास्त, अशी रचना केली आहे. म्हणजे कारखान्यांनीही मान्य केले की प्रश्न एकूण पाण्याचा नाही, वरच्या थराचा आहे.

मोजायच्या तीन पद्धती

आता खरी गंमत सुरू होते. काचेवर थेंब ठेवणे सोपे. लेन्स मात्र ओली, मऊ, वाकलेली आणि क्षणाक्षणाला वाळणारी. तिच्यावर कोन मोजायचा कसा? तीन पद्धती जास्त वापरल्या जातात.

पहिली, थेंब ठेवण्याची. लेन्स द्रवातून काढतात, तंतू न सुटणाऱ्या टिपकागदाने वरचे पाणी टिपतात, गोल ठोकळ्यावर बसवतात, आणि बारीक सिरिंजने काही मायक्रोलिटरचा थेंब ठेवून बाजूने कॅमेऱ्याने टिपतात. लेन्स वाकलेली असल्याने तळाची रेषा सरळ नसते, तीही हिशेबात धरावी लागते. खरी मेख टिपण्यात आहे. कमी टिपले तर वर पाण्याचा थर उरतो, थेंब त्यात मिसळून जातो आणि कोन शून्य येतो. जास्त टिपले किंवा उशीर झाला तर लेन्स सुकते आणि कोन उगाच मोठा येतो. म्हणून किती सेकंद टिपायचे, टिपल्यावर किती वेळाने थेंब ठेवायचा, खोलीत दमटपणा किती, हे सगळे ठरवून लिहून ठेवावे लागते.

दुसरी पद्धत याच्या उलट आहे. लेन्स पूर्ण खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि वाकड्या सुईतून खालून हवेचा एक बुडबुडा तिला टेकवतात. लेन्सला पाणी आवडत असेल तर बुडबुड्याला ती फारशी जागा देत नाही, बुडबुडा गोल राहून बिंदूएवढाच टेकतो. पाणी आवडत नसेल तर बुडबुडा तिच्यावर पसरतो. बुडवलेल्या काचेखाली वाकडी नळी धरून हेही घरी पाहता येते: स्वच्छ काचेखाली बुडबुडा गोल राहतो, मेण लावलेल्या काचेखाली चपटा होतो. या पद्धतीत लेन्स सुकत नाही, टिपण्याची कटकट नाही. पण लेन्स सतत पाण्यातच असल्याने जवळजवळ सगळ्याच लेन्स चांगल्या दिसतात आणि त्यांच्यातला फरक झाकला जातो.

तिसरी पद्धत जर्मनीच्या लुडविग विल्हेल्मी यांच्या नावाची, १८६३ ची. लेन्सची एक पट्टी कापून अतिसूक्ष्म तराजूला टांगतात, हळूहळू द्रवात बुडवतात आणि पुन्हा वर काढतात. पाणी पट्टीला किती ओढते ते वजन म्हणून वाचले जाते आणि त्यावरून कोन काढला जातो. इथे कोन डोळ्यांनी पाहावा लागत नाही, आणि बुडताना व बाहेर येताना असे दोन्ही कोन मिळतात.

दोन कोन का?

कोन एकच असायला हवा ना? प्रत्यक्षात पाणी कोरड्या जागेवर पुढे सरकत असते तेव्हा कोन मोठा असतो आणि ओल्या जागेवरून मागे हटत असते तेव्हा लहान. पहिल्याला पुढे जाणारा कोन म्हणू, दुसऱ्याला मागे हटणारा. पावसाळ्यात एसटीच्या खिडकीवरचा ओघळ पाहा. त्याचे पुढचे टोक फुगीर असते, मागची शेपटी निमुळती. एकाच थेंबात दोन्ही कोन दिसतात.

मऊ लेन्सवर या दोन कोनांत मोठे अंतर पडते. फ्रँक हॉली आणि मिगेल रेफोहो यांनी १९७५ मध्ये पॉलीहेमाचा अभ्यास करून त्याचे कारण सांगितले. या पदार्थाच्या रेणूंना पाणी आवडणारे भाग आहेत आणि न आवडणारेही. पृष्ठभाग हवेत असला की पाणी आवडणारे भाग आत वळतात आणि न आवडणारे बाहेर येतात. पाणी आले की उलट. दोन बाजूंनी वापरायच्या चादरीसारखा हा पृष्ठभाग परिस्थिती पाहून बाजू बदलतो. म्हणून हवेत थेंब ठेवून मोजले तर एक उत्तर, पाण्याखाली बुडबुड्याने मोजले तर दुसरे. दोन्ही खरीच.

डोळ्यात हे दोन्ही प्रकार घडतात. पापणी मिटून उघडते तेव्हा अश्रू लेन्सवर पुढे सरकतात. कोरड्या झालेल्या डागावर ते पुन्हा चढू शकतील का, हे पुढे जाणारा कोन सांगतो. पापणी उघडी असताना चादर विरळ होते आणि मागे हटू पाहते. ती किती लवकर हटेल, याचा अंदाज मागे हटणाऱ्या कोनावरून येतो.

आकडा वाचताना

आता तो साबणाचा थेंब आठवा. लेन्स ज्या छोट्या प्लास्टिकच्या वाटीत बंद होऊन येते, त्या वाटीतल्या द्रवात अनेकदा साबणासारखे वागणारे, पृष्ठताण कमी करणारे पदार्थ घातलेले असतात. अशी लेन्स वाटीतून काढून लगेच मोजली तर कोन लहान येतो. तीच लेन्स खाऱ्या पाण्यात नीट भिजवून, धुऊन मोजली तर कोन वाढू शकतो. पहिला आकडा बराचसा वाटीतल्या द्रवाचा, दुसरा लेन्सचा. इंग्लंडमधल्या मँचेस्टर इथल्या कॅरोल माल्डोनाडो-कोडिना आणि फिलिप मॉर्गन यांनी २००७ मध्ये सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स थेंबाने आणि बुडबुड्याने अशा दोन्ही पद्धतींनी मोजून दाखवल्या. पद्धत बदलली की आकडा बदलतो, हे त्यातून पुरते स्पष्ट झाले.

म्हणून एखाद्या जाहिरातीत "आमच्या लेन्सचा स्पर्शकोन सगळ्यांत कमी" असे वाचले तर तीन प्रश्न विचारायला मुलांना शिकवा. कोणत्या पद्धतीने मोजला? धुऊन की न धुता? आणि ज्यांच्याशी तुलना केली त्या लेन्सही त्याच दिवशी, त्याच हाताने, तशाच मोजल्या का? परीक्षेच्या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण आपण एका रांगेत मांडत नाही. इथेही तसेच आहे.

आणि प्रयोगशाळेतला कोन म्हणजे डोळ्यातले सुख नव्हे. खरे अश्रू शुद्ध पाणी नसतात. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, अश्रूंचा साधारण ४२ ते ४६. त्यामुळे अश्रू पाण्यापेक्षा सहज पसरतात. लेन्स डोळ्यात गेल्यावर काही मिनिटांतच तिच्यावर प्रथिने बसू लागतात आणि पृष्ठभाग बदलतो. म्हणून डॉक्टर डोळ्यातच मोजतात. लेन्सवर प्रकाशाची वर्तुळे पाडतात, पापणी न मिटता समोर पाहायला सांगतात, आणि वर्तुळे वेडीवाकडी व्हायला किती सेकंद लागतात ते पाहतात. लेन्सशिवायच्या निरोगी डोळ्यात अश्रूंची चादर साधारण दहा सेकंदांहून जास्त टिकते. लेन्सवर ती त्याआधीच फाटते. २०१३ मध्ये लेन्सच्या त्रासावर जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून एक मोठा अहवाल काढला. लेन्सच्या पदार्थाच्या गुणांपैकी आरामाशी संबंध दिसतो तो पृष्ठभागाच्या घर्षणाचा, पण त्याचेही पुरावे अजून थोडे आहेत, असे त्यात म्हटले आहे. ओलेपणा आणि घर्षण हे शेजारी आहेत, कारण कोरड्या जागेवरच पापणी घासते. पण एकच आकडा पाहून लेन्स निवडता येईल असे नाही.

मग करायचे काय?

पत्रांतला प्रश्न असा होता: जास्त पाण्याची लेन्स घ्यावी का? केवळ टक्केवारी पाहून घेऊ नका. साध्या हायड्रोजेलच्या जास्त पाण्याच्या लेन्स डोळ्यात असताना पाणी गमावण्याकडेही जास्त झुकतात. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन "संध्याकाळी कोरडे होते" एवढेच सांगू नका. किती वाजता, कोणत्या कामात, कोणत्या डोळ्यात, लेन्स किती दिवसांची, कोणते द्रव वापरता, हे सांगा. त्यावरून ते पदार्थ बदलतील, द्रव बदलतील, की रोज नवी लेन्स सुचवतील, ते ठरते. कधी दोष लेन्सचा नसतोच. डोळ्यांत अश्रूच कमी असतात किंवा पापणीच्या कडेच्या ग्रंथी तुंबलेल्या असतात, आणि मग महागडी लेन्सही उपयोगाची नसते.

संगणकासमोर आणि मोबाइलवर माणूस पापणी कमी वेळा मिटतो. हिशेब सोपा आहे. लेन्सवरची चादर सहा सेकंद टिकत असेल आणि आपण दर चार सेकंदांनी पापणी मिटत असू, तर काही जाणवत नाही. तीच पापणी दहा सेकंद उघडी राहिली तर चार सेकंद लेन्स कोरडी. दिवसभरात हे किती वेळा होत असेल! तेव्हा काम करताना अधूनमधून मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा, आणि पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर घेऊ नका.

घरातल्या काही सवयी थेट या ओलेपणावर घाला घालतात. सुरमा आणि काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावले की त्याचे कण आणि तेल लेन्सवर बसते आणि तिथे थेंब अळवावरच्यासारखा गोळा होतो. लेन्स आधी घाला, मग काजळ, आणि तेही पापणीच्या बाहेरच्या बाजूला. हाताला तेल, मेंदी किंवा क्रीम असताना लेन्सला हात लावू नका. साबणाने हात धुऊन, नीट खळखळून, स्वच्छ रुमालाने कोरडे करून मगच लेन्स हाताळा.

नळाचे पाणी, विहिरीचे पाणी आणि थुंकी लेन्सला कधीही लावू नका. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्महिने चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. लेन्स घालून वजू करणाऱ्या मुलींनी तोंड धुताना डोळे घट्ट मिटावेत आणि पाणी टिपून मगच उघडावेत. लेन्सबाबतचा मसअला आलिमांना विचारावा, मी फक्त पाण्यापुरते बोलते आहे. लेन्स घालून आंघोळ, पोहणे आणि झोपणे टाळावे. डबीतले द्रव रोज ओतून नवे भरावे, जुन्यात भर घालू नये.

लग्नसराईत रंगीत लेन्स सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात सहज मिळतात आणि मैत्रिणी-मैत्रिणींत फिरतातही. त्यांचा पदार्थ कोणता, पृष्ठभाग कसा, याची तपासणी तिथे कुणी केलेली नसते. नंबर नसला तरी डोळ्याचे माप घेतल्याशिवाय लेन्स घालू नये, आणि एकीची लेन्स दुसरीने तर कधीच घालू नये.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा नजर अंधूक झाली तर लेन्स लगेच काढा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि काढलेली लेन्स डबीसह सोबत न्या. डॉक्टरांना ती तपासता येते. "उद्यापर्यंत पाहू" हे डोळ्याच्या बाबतीत महागात पडते.

मुदत संपलेली जुनी लेन्स घरात असेल तर ती फेकण्यापूर्वी मुलांना प्रयोगाला द्या. टिपून तिच्यावर थेंब ठेवा, मग मिनिटाने, मग पाच मिनिटांनी. सुकताना कोन कसा बदलतो ते वहीत लिहायला सांगा. एकदा सुकलेली लेन्स मात्र पुन्हा भिजवून डोळ्यात घालायची नाही, हे त्याच वहीत वर ठळक अक्षरांत लिहून घ्या.